प्रहराचा प्रकाश आणि ऋतूचा प्रकाश : वर्धेचे मैदान व मराठी निसर्गचित्रण

मराठी निसर्गचित्रणाच्या इतिहासात काही स्थळे पुन्हा पुन्हा येतात. अबालाल रहिमान यांनी रंगविलेला कोल्हापूरचा रंकाळा व कोटितीर्थाचा परिसर, नाशिक-वाईचे नदीघाट, महाबळेश्वर-पाचगणीच्या दऱ्या, कोकणचा किनारा, मुंबईचे पावसाने भिजलेले रस्ते ही ती ओळखीची स्थळे. वर्धा नदीच्या पूर्वेस पसरलेले काळ्या मातीचे, कापसाचे, वरवर पाहता उंचसखलपणा नसलेले मैदान या यादीत नाही. या अनुपस्थितीचे संस्थात्मक कारण देणे सोपे आहे. सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये मुंबईत निघाली, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये तेथेच स्थापन झाली. वर्धा जिल्हा मात्र १९५६ पर्यंत मध्यप्रांताच्या (स्वातंत्र्योत्तर मध्यप्रदेशाच्या) राज्यकारभारात होता. कलाशाळा, प्रदर्शने आणि ग्राहक जेथे होते त्याच्या आसपासचाच निसर्ग रंगविला गेला, असे हे स्पष्टीकरण आहे.

ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मंडला भागातून आलेले सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले. वर्धा तेथून रेल्वेने दोन-अडीच तासांच्या अंतरावर. परंतु निसर्गचित्रकार म्हणून त्यांचा बोलबाला झाला तो मुंबईत आल्यानंतर, आणि तोही मुंबईच्या रस्त्यांच्या व पावसाच्या जलरंगचित्रांमुळे. तेव्हा चित्रकार या मैदानापासून दूर होता एवढे सांगून भागत नाही. हे मैदान 'चित्रविषय' म्हणून ओळखता येईल अशी दृष्टीच उपलब्ध होती काय, हा खरा प्रश्न आहे. तो जितका चित्रकलेचा आहे तितकाच समीक्षेच्या भाषेचाही आहे.

भाषेपासूनच आरंभ करावा. या चित्रप्रकारासाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत. 'देखावा' हा सर्वांत जुना व बोलीतला. त्यात पाहणाऱ्यासमोर मांडून ठेवलेल्या दृश्याची कल्पना आहे, म्हणूनच गणेशोत्सवातील आरासही 'देखावा'च ठरते. 'भूदृश्य' हा शब्द अलीकडचा, पारिभाषिक. तो भूमीवर भर देतो. या दोहोंपेक्षा रुळलेला 'निसर्गचित्र' हा शब्द मात्र संदिग्ध आहे. शालेय रेखाकला परीक्षांमध्ये दीर्घकाळ या नावाखाली पाना-फुलांची एखादी फांदी समोर ठेवून काढलेले चित्र अपेक्षित असे. प्रदर्शनाच्या सूचीत त्याच शब्दाचा अर्थ डोंगर, झाडे, पाणी, आकाश असा होई. तिन्ही शब्दांत एका गोष्टीला जागा नाही : काळाला. संस्कृत-प्राकृत काव्यपरंपरेने निसर्ग पाहिला तो मुख्यतः 'ऋतुवर्णन' या नावाने. तेथे काळ हाच प्रधान, स्थळ गौण. चित्रकलेची आधुनिक परिभाषा घडताना नेमका हा घटक गळाला. त्याच्या जागी जो काळ आला तो ऋतूचा नव्हता, प्रहराचा होता.

हे कसे घडले याचा माग युरोपीय निसर्गचित्रणाच्या रूढींपर्यंत जातो. थॉमस व विल्यम डॅनियल हे चित्रकार १७९३ मध्ये पश्चिम भारतात आले, तेव्हा त्यांनी घारापुरीसारखी लेणी आणि भोवतालचा निसर्ग रेखाटला. त्यांच्या डोळ्यांपुढे चित्ररचनेचा एक सिद्ध आराखडा होता : पुढे छायेतला कठडा किंवा झाड, मध्ये उजळलेली भूमी, मागे धूसर होत जाणारे डोंगर. हा आराखडा तिरप्या प्रकाशावर उभा आहे. प्रकाश बाजूने आला तरच वस्तूची एक कड उजळते, दुसरी अंधारते. छाया जमिनीवर लांबून आकाराचे घनत्व सांगते, आणि पुढचे व मागचे यांतील अंतर नजरेला मोजता येते.

उत्तर युरोपात असा प्रकाश वर्षभर मिळतो. पॅरिसच्या अक्षांशावर ऐन जूनमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६५ अंशच वर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ निम्मी पडते. डिसेंबरात तर सूर्य १८ अंशांच्याही वर जात नाही. क्लोद मोने याने १८९०-९१ मध्ये जिव्हर्नीजवळच्या शेतांतील गंजींची चित्रमालिका रंगविली आणि मे १८९१ मध्ये त्यांतली १५ चित्रे पॅरिसमध्ये एकत्र मांडली, तेव्हा एकाच वस्तूवरील बदलता प्रकाश हा चित्राचा विषय होऊ शकतो हे सिद्ध झाले. त्या मालिकेत उन्हाळ्याची अखेर आहे, हिमही आहे, म्हणजे तेथे ऋतूही आहे. परंतु तिच्यामागून जगभर पसरलेल्या, आणि कलाशाळांतून मुंबईपर्यंत आलेल्या, उघड्यावरील चित्रणाच्या पद्धतीने त्यातला प्रहर तेवढा उचलला. सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारच्या नंतर चित्र काढावे, हा निसर्गचित्रकारांचा परिपाठ पडला. 'सकाळ', 'सायंकाळ', 'कोवळे ऊन' ही चित्रांची नावेही त्या परिपाठाचीच साक्ष देतात. मधला सहा-सात तासांचा दिवस या चित्रणाने सोडूनच दिला.

वर्ध्याच्या मैदानावर नेमका हा सोडलेला दिवसच निर्णायक असतो. वर्धा शहर सुमारे २०.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे सूर्य तेथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. दरम्यानच्या सात-आठ आठवड्यांत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो आणि सावली, असलीच तर, दक्षिणेकडे पडते. पहिल्या शून्य सावलीचा दिवस आणि सूर्याचा रोहिणी नक्षत्रातील प्रवेश हे जवळजवळ एकाच सुमारास येतात. विदर्भातील शेतकरी ज्याला 'नवतपा' म्हणतात ते नऊ दिवस याच प्रवेशाने सुरू होतात. पंचांग आणि भूमिती येथे एकच गोष्ट सांगत असतात.

त्या दिवसांत वावर मोकळे असते. पऱ्हाट्या उपटून नेलेल्या, वखरणी झालेली, माती भेगाळलेली. काळी जमीन प्रकाश परत देत नाही, शोषून घेते. वर आकाश मात्र निळेपणा हरवून पांढुरके झालेले. म्हणजे चित्रातील सर्वांत उजळ भाग वर आणि सर्वांत गडद भाग खाली, मध्ये एखाद्या धुऱ्यावरची बाभूळ, आणि तिच्या बुंध्याशी गोळा झालेली टीचभर सावली. कडेचा प्रकाश नाही, म्हणून घनत्व नाही. दूरचे डोंगर नाहीत, म्हणून मागची निळी धूसरता नाही. रूढ आराखड्याचा प्रत्येक आधार येथे काढून घेतलेला आहे. या दृश्याला 'रूक्ष' म्हटले जाते तेव्हा वर्णन मैदानाचे होत नाही, आराखड्याच्या असमर्थतेचे होते.

आणि हे वर्षातले एकच टोक. मृग लागल्यावर पंधरवड्याच्या आत प्रकाशाची सगळी व्यवस्था उलटते. ढगांतून गाळून येणारा प्रकाश सर्व बाजूंनी सारखा येतो. सावली पुन्हा नाहीशी होते, पण अगदी वेगळ्या कारणाने. जुलैमध्ये सूर्य दुसऱ्यांदा डोक्यावर येतो तेव्हा तो बहुधा कोणाला दिसतही नाही. भाद्रपदाच्या अखेरीस आकाश धुऊन निघते. कार्तिकात बोंडे उकलू लागतात, पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात 'सीतादही'चा विधी होतो, आणि जी जमीन सहा महिन्यांपूर्वी प्रकाश गिळत होती तिच्यावर कंबरेच्या उंचीला पांढऱ्याचा थर येतो. उजेड आता खालून वर येतो. मार्गशीर्ष-पौषात मध्यान्हीचा सूर्य ४६ अंशांच्या आसपास असतो. भर दुपारी उभ्या वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी पडते. ज्येष्ठात ज्या शिंदीच्या झाडाला सावलीच नव्हती, त्याचे अख्खे प्रतिरूप पौषात उत्तरेकडे आडवे पडलेले असते. पुढे माघ-फाल्गुनात उत्तरेकडील आर्वी-कारंजा भागातल्या मुरमाड टेकड्यांवर साग पाने टाकू लागतो आणि पळस पेटतो. या मैदानाचे सकाळचे आणि संध्याकाळचे रूप यांत फरक आहेच. पण ज्येष्ठाची दुपार आणि पौषाची दुपार यांतील फरकापुढे तो किरकोळ ठरतो. येथला प्रकाश ऋतूच्या मापाने बदलतो. प्रहराच्या मापाने तो पाहू जाणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते.

वसाहतकालीन दृष्टीने हे मैदान पाहिले नाही असे नाही. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा करण्यात आला, १८६६ मध्ये वर्धा शहराची आखणी झाली आणि पाठोपाठ रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला एकाएकी जागतिक महत्त्व आले. मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी कापूस आयुक्ताचे पद निर्माण झाले. या काळात मैदानाची बारकाईने नोंद झाली, पण ती जमिनीची प्रत, उतारा, आकारणी आणि नकाशा या रूपांत. डोंगर आणि लेणी चित्राच्या वाट्याला गेली, काळी जमीन कोष्टकाच्या वाट्याला. उत्पादक भूमी आणि रमणीय भूमी अशी ही विभागणी मराठी सौंदर्यविचारानेही फारशी न तपासता स्वीकारली. 'निसर्गरम्य' हे विशेषण नांगरलेल्या वावरासाठी आजही सहसा वापरले जात नाही.

पण या भूमीच्या प्रकाशाला शब्दरूप मिळाले होते, आणि तेही फार पूर्वी. वर्ध्यापासून काही किलोमीटरवर धाम नदीच्या काठी असलेले पवनार हेच वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे प्रवरपूर होय, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. या स्थाननिश्चितीबाबत मतभेद आहेत. परंतु धामकाठी सापडलेली रामकथेची शिल्पे आणि १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने केलेले उत्खनन यांमुळे पवनारचे प्राचीनत्व निर्विवाद ठरले आहे. या प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे माहाराष्ट्री प्राकृतातील पंधरा आश्वासांचे महाकाव्य आहे. दंडीने माहाराष्ट्रीच्या श्रेष्ठतेचे उदाहरण म्हणून त्याचा निर्देश केला आहे, बाणाने त्याच्या कीर्तीचा गौरव केला आहे. मराठीच्या पूर्वज भाषेतील या श्रेष्ठ काव्याच्या पहिल्याच आश्वासात शरदाचे आगमन येते, याकडे निसर्गचित्रणाच्या दृष्टीने पाहिले गेलेले नाही.

'सेतुबंधा'तील शरद हा धामकाठच्या शरदाचा प्रत्यक्ष वृत्तांत आहे, असा दावा कोणी करू नये. ऋतुवर्णन हा महाकाव्याचा विहित घटक होता, आणि कमळे, हंस, निरभ्र दिशा हे त्याचे संकेतही ठरलेले होते. लक्षणीय आहे ते या वर्णनाचे कथेतील स्थान. सीतेच्या शोधात असलेल्या रामाला पावसाळा थांबून काढावा लागतो. शरद येतो म्हणजे वाट मोकळी होते, सैन्य निघू शकते, सेतूचा उद्योग आरंभता येतो. स्वच्छ झालेला प्रकाश येथे पाहण्यापुरता राहत नाही. तो कृतीची अनुज्ञा होऊन येतो. पेरणी, डवरणी, वेचणी यांच्या वेळा ज्या समाजाने आकाश पाहून ठरविल्या, त्याच्या प्रकाशानुभवाशी हा संकेत विसंगत नाही. संकेत म्हणून ज्याची उपेक्षा होते त्यात पुष्कळदा पिढ्यांचे निरीक्षण गोठलेले असते.

आधुनिक मराठी गद्यात ही दृष्टी परतली ती दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'मध्ये (१९५६). महिन्यामागून महिना अशी त्याची रचना आहे आणि स्थळ जवळजवळ अनुल्लेखित राहते. या लेखनाची वाखाणणी करताना समीक्षा 'शब्दचित्र' हा शब्द सहज वापरते, जणू लेखिकेने चित्रकाराचे काम उसने घेतले. वस्तुस्थिती उलट आहे. तत्कालीन मराठी चित्रकाराजवळ बारा महिन्यांच्या प्रकाशाचा असा रूपबंधच नव्हता. बुंदीच्या किंवा पहाडी लघुचित्रांतील बारामाशांच्या चित्रमालिकांत तो होता. पण कलाशाळांच्या अभ्यासक्रमाने त्याची गणना 'अलंकरणा'त केली आणि निसर्गचित्राचा वर्ग वेगळा ठेवला. वर्ध्यातच दीर्घकाळ वास्तव्य करणारे काकासाहेब कालेलकर हे जन्माने मराठी, निसर्गाचे मोठे गद्यकार. पण त्यांचे निसर्गलेखन प्रामुख्याने गुजरातीत झाले आणि त्याची ओढ नद्यांच्या व प्रवासाच्या दिशेने राहिली. मैदान तेथेही उरलेच.

या मैदानात चित्रकलेचा प्रश्न थेट उभा राहिला तो सेवाग्राममध्ये. गांधी १९३६ मध्ये शेगावात राहावयास आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. चित्रांविषयीची त्यांची भूमिका १९२४ मधील संभाषणांतून स्पष्ट झालेली होती : आपल्या खोलीच्या भिंती कोऱ्या असल्या तरी चालतील, छप्परही नसले तरी चालेल, वर ताऱ्यांनी भरलेले आकाश दिसावे, असा तिचा आशय. या भूमिकेवर कलाविरोधाचा ठपका ठेवणे सोपे आहे. परंतु तिच्यात एक सौंदर्यशास्त्रीय विधान दडलेले आहे. चित्र हे आकाशाच्या अनुपस्थितीत लागणारे साधन आहे. जेथे आकाश उपलब्ध आहे तेथे त्याची प्रतिकृती कशासाठी, असा तो प्रश्न आहे. त्याला उत्तर देता येते. चित्र प्रतिकृती देत नाही, पाहणे शिकविते. सेवाग्रामच्या परिसरात हे उत्तर दिलेही गेले, मात्र चित्रकारांच्या नव्हे, शिक्षणाच्या मार्गाने.

ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाचा जो आराखडा तयार केला, त्यात चित्रकलेला स्वतंत्र स्थान होते. रूप आणि रंग यांतील भेद ओळखण्याचे डोळ्याला शिक्षण, आकारांची स्मृती, निसर्गातील व कलेतील सौंदर्याची जाण, आणि करावयाच्या वस्तूंचे कार्यरेखन अशी तिची उद्दिष्टे होती. त्याच आराखड्यातील सामान्य विज्ञानात ताऱ्यांवरून रात्री दिशा व वेळ ओळखण्याचे ज्ञान समाविष्ट होते. गांधींचे कोऱ्या भिंतीवरचे आकाश अशा रीतीने अभ्यासक्रमात उतरले. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली, आणि त्याच अधिवेशनाच्या मंडपात नंदलाल बोस यांची ग्रामजीवनावरील चित्रफलके लागलेली होती. त्याआधी डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे, ग्रामीण भागात भरलेल्या पहिल्या अधिवेशनाची सजावट त्यांनीच बांबूसारख्या स्थानिक साधनांतून केली होती. दोन्ही ठिकाणी भर आहे तो माणसांवर, कामांवर, वाद्यांवर, पशूंवर. भूमी आणि प्रकाश पार्श्वभूमीला गेलेले आहेत.

नंदलालांचे शिष्य देवीप्रसाद १९४४ मध्ये शांतिनिकेतनहून सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत नई तालीममध्ये कलाशिक्षक म्हणून राहिले. चित्रकार, कुंभकार, छायाचित्रकार असे त्यांचे बहुविध कर्तृत्व आहे. बालकांच्या कलेविषयीचा त्यांचा विचार सेवाग्रामच्या या अनुभवातून घडला. मुलाच्या हाती नमुना देऊन त्याची नक्कल करून घेणे त्यांना मान्य नव्हते. कलाशिक्षण हे एक विषय म्हणून न राहता एकूण शिक्षणाचा पाया व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. मैदानाकडे बिनआराखड्याने पाहणारी नजर कोठे तयार होऊ शकत होती, तर ती येथेच.

मग तिच्यातून वर्ध्याचे निसर्गचित्रण का उभे राहिले नाही? शांतिनिकेतनशी तुलना उद्बोधक ठरते. बीरभूमची भूमीही कोरडी, तांबड्या मातीची, झिजलेल्या 'खोवाई'ची. रूढ अर्थाने रमणीय नव्हेच. तरीही विनोदबिहारी मुखर्जींनी तिला चित्ररूप दिले. १९४० मध्ये कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर बीरभूमचा परिसर त्यांनी भित्तिचित्रात उतरविला. त्या छताखाली उभे राहिले की पाहणाऱ्याला एकच दृष्टिबिंदू मिळत नाही, एकच प्रहरही मिळत नाही. हे शक्य झाले, कारण रवींद्रनाथांची ऋतुगीते, वर्षामंगल आणि वसंतोत्सव, १९२८ पासून साजरे होणारे हलकर्षण यांनी त्या भूमीला ऋतूंची भाषा आधीच दिलेली होती. चित्रकाराला कवीची सोबत होती. सेवाग्रामला शाळा होती, शेत होते, आकाश होते; पण त्या मैदानाचे ऋतू बोलणारी समकालीन मराठी कविता तेथे नव्हती. मराठी कवितेचे केंद्र तेव्हा मुंबई-पुण्याकडे होते, आणि आश्रमाचा व्यवहार मुख्यत्वे हिंदुस्थानीत चाले. मराठी भूमीत वसलेल्या त्या संस्थेचा मराठी साहित्याशी संबंध आला तो बहुतांशी विनोबांच्या विचारगद्यातून. त्या गद्यात ऋतूंना क्वचितच स्थान आहे. दोष एकट्या चित्रकलेच्या पदरात घालणे म्हणूनच न्याय्य नाही. आश्रमाच्या उपयुक्ततावादाकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. पण उपयुक्ततेने मूलोद्योगात चित्रकलेला जागाच दिली होती. उणीव होती ती शब्दांची.

या इतिहासात एक कृती मात्र वेगळी उभी आहे, आणि ती कोणत्याही निसर्गचित्रांच्या सूचीत नाही. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी झोपडी मुळात मीराबेन यांची. माती, बांबू आणि कौले यांनी बांधलेल्या त्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच शिंदीसारख्या झाडांचे उठाव घडविले. तेथे रंग नाही, क्षितिज नाही, पुढचे-मागचे नाही, आणि सावली काढलेली नाही. भिंत ज्या मातीची, झाडेही त्याच मातीची. उठाव इतका उथळ आहे की आत येणारा उजेडच त्याची कड ठरवितो. ज्येष्ठात तो तापलेल्या अंगणावरून परतून येतो, आषाढात ढगांतून मंद होऊन, पौषात दारातून आत अधिक खोलवर. पाऊस सरल्यावर अशा भिंती लिंपाव्या लागतात, आणि लिंपणारा हात दर वेळी त्या झाडांच्या कडेवरून थोडा फिरतो.